पेट्रोलवरची आरसी (रिमोटवर चालणारी) गाडी स्लोला टिकत नाही : सुई फिरवण्यापूर्वी काय तपासावे

गाडी थंड असताना दोन-तीन ओढीत सुरू होते, पाच मिनिटे मैदानात छान पळते, आणि मग थ्रॉटल सोडून तिला जवळ बोलावले की इंजिन स्लोला, म्हणजे थ्रॉटल सोडल्यावरच्या संथ वेगाला, नीट टिकत नाही; कधी आपोआप रेस होते, कधी फटफट करत खाली बसते, तर कधी आवाज वरखाली करत राहून अखेरीस बंद पडते. कार्बोरेटरची लहान सुई (स्लोचे पेट्रोल कमी-जास्त करणारा स्क्रू; वरच्या वेगाची ती मोठी सुई) पाव फेरा सोडली, म्हणजे उघडली, की त्रास थांबतो, चार-पाच टाक्या पेट्रोल जळेपर्यंत सारे आलबेल असते आणि पुढच्या रविवारी तोच प्रकार पुन्हा सुरू होतो. माझ्या १/५ मापाच्या, २६ सीसी टू-स्ट्रोक इंजिनाच्या गाडीने एकाच हिवाळ्यात मला तीनदा या चक्रातून फिरवले. दर वेळी मी सुई फिरवली आणि दर वेळी दुरुस्ती झाली असे समजलो. जो दोष सुई फिरवून बरा होतो आणि काही दिवसांनी परत येतो तो बहुधा सुईचा नसतोच, एवढी गोष्ट ध्यानात यायला मला जवळपास तीन महिने लागले.

हे विवेचन ठिणगीच्या प्लगवर आणि पेट्रोलवर चालणाऱ्या मोठ्या आरसी इंजिनांपुरतेच आहे. अमेरिकी पुस्तिकांत ‘गॅस’ असे लिहिलेले असते ते आपले पंपावरचे पेट्रोल होय, सिलिंडरमधला गॅस नव्हे. आणि मिथेनॉल व नायट्रोमिथेनच्या मिश्रणावर ग्लो प्लगने चालणाऱ्या लहान इंजिनांची तऱ्हाच निराळी असल्याने त्यांत मी येथे शिरत नाही. १/५ मापाच्या गाड्यांत झेनोआची जी२३०आरसी, जी२६०आरसी किंवा त्यांच्या धर्तीवर बनलेली इंजिने असतात, आणि त्यांच्यावर वॉल्ब्रो पद्धतीचा डायफ्रामवर चालणारा कार्बोरेटर बसवलेला असतो. द्राक्षबागेत गवत कापण्यासाठी जे ब्रश कटर वापरतात त्यांवरही याच घराण्यातला कार्बोरेटर असतो. त्यामुळे आपल्या नाशिक जिल्ह्यात या इंजिनाचा खरा जाणकार खेळण्यांच्या दुकानात सापडत नाही. तो दिंडोरी, ओझर, पिंपळगाव या बाजूला फवारणीचे पंप आणि ब्रश कटर दुरुस्त करणाऱ्या एखाद्या गाळ्यात, तेलकट बाकावर बसलेला सापडतो.

मला तो तसाच सापडला. तिसऱ्या खेपेला वैतागून मी गाडी घेऊन दिंडोरी रस्त्यावरच्या एका काकांकडे गेलो. त्यांनी इंजिन सुरू करायला लावले, थ्रॉटल एकदा झटक्याने दाबून सोडायला सांगितले, मान तिरकी करून आवाज ऐकला आणि म्हणाले, “भाऊ, सुई कशाला फिरवताय? आधी हवा कुठून शिरतेय ते बघा. हे एअर घेतंय.” पुढची दुरुस्ती मी घरीच केली, पण दिशा त्या एका वाक्याने मिळाली.

हवा शिरण्याचा परिणाम स्लोलाच का जाणवतो, हे एकदा समजले की पुढची सारी तपासणी सोपी होते. थ्रॉटल सोडलेले असताना कार्बोरेटरमधली हवेची वाट उघड-बंद करणारी पाकळी जवळजवळ मिटलेली असते आणि तिच्या कडेच्या बारीक फटीतून इंजिन अगदी थोडी हवा ओढत असते. अशा वेळी कार्बोरेटर आणि सिलिंडर यांच्यामधल्या सांध्यातून केसाएवढ्या फटीने आगंतुक हवा आत आली, तर एकूण हवेत तिचा वाटा मोठा ठरतो आणि मिश्रण एकदम पातळ, म्हणजे लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) होते. पूर्ण थ्रॉटलवर तीच चोरटी हवा नदीच्या पुरात तांब्याभर पाण्यासारखी असते. म्हणून गाडी पळताना काहीच जाणवत नाही आणि उभी राहिली की रडते. लहान सुई सोडल्यावर त्या चोरट्या हवेच्या प्रमाणात जास्तीचे पेट्रोल मिळते आणि हिशेब तात्पुरता जुळतो. परंतु या इंजिनाची थरथर मोठी असते, स्क्रू आणखी ढिले होतात, फट वाढते आणि जुळलेला हिशेब पुन्हा बिघडतो. दरम्यान मधल्या वेगावर इंजिन गरजेपेक्षा लीन चालत राहिल्याने पिस्टन तापतो, आणि खरी धास्ती याचीच आहे. स्लोला बंद पडणे हा नुसता उपद्रव आहे, पिस्टन धरणे (सिलिंडरमध्ये जाम होणे) हा मात्र काही हजारांचा खर्च आहे.

आधी आवाज ओळखावा

खराब स्लोचे निदान ऐकण्यापासून सुरू होते. गाडी ठोकळ्यावर ठेवून चाके अधांतरी करावीत, इंजिन पाच मिनिटे तापू द्यावे आणि थ्रॉटल एकदा दाबून सोडावे. सोडल्यावर आवाज लगेच खाली न येता दोन-तीन सेकंद वरच रेंगाळतो आणि मग उतरतो, किंवा स्लोला असताना स्वतःहून चढउतार करत राहतो, तर इंजिन लीन आहे. आवाज लगेच खाली येतो, पण तेथून आणखी बसत जातो, सायलेन्सरमधून निळसर धूर येतो आणि पंधरा-वीस सेकंदांत गाडी गुदमरून बंद पडते, तर मिश्रण घट्ट, म्हणजे रिच (पेट्रोल जास्त) आहे. आवाज ठीक असताना मधेच एखादा ठोका गायब होतो, बटण दाबून बंद केल्यासारखी गाडी मरते आणि लगेच पुन्हा सुरूही होते, तर संशय पेट्रोलवर न घेता ठिणगीवर घ्यावा. आणि दर वेळी थ्रॉटल सोडल्यावर स्लो वेगवेगळ्या ठिकाणी येऊन थांबत असेल, एकदा उंच, एकदा खाली, तर इंजिन बहुधा निर्दोष असते आणि दोष थ्रॉटलच्या दांडीत किंवा ती हलवणाऱ्या छोट्या मोटारीत, म्हणजे सर्व्होत असतो.

हा शेवटचा प्रकार आधी निकालात काढावा, कारण त्याला पाच मिनिटे लागतात आणि त्याच्यामुळे लोक विनाकारण कार्बोरेटर उघडतात. थ्रॉटल आणि ब्रेक एकाच सर्व्होवर असतात. रिमोटचा ट्रिम (मधली जागा बारीक सरकवण्याचे बटण) थोडा सरकला, सर्व्होच्या हॉर्नचा (त्यावरच्या छोट्या हाताचा) स्क्रू ढिला झाला किंवा दांडीच्या बॉलमध्ये माती अडकली, की पाकळी दर वेळी पूर्ण मिटत नाही. दांडी कार्बोरेटरपासून सोडवावी, पाकळी बोटाने उघडून सोडावी आणि ती स्प्रिंगच्या जोराने ‘टक्’ असा आवाज करून स्लोच्या स्क्रूवर येऊन बसते का ते पाहावे. दांडी सोडल्यावर स्लो सुधारला, तर पुढचे काही वाचण्याची गरज नाही. दांडीची लांबी आणि रिमोटवरचे टोकाचे माप पुन्हा लावावे. स्लो नेहमी कार्बोरेटरवरच्या स्क्रूने ठरवावा, रिमोटच्या ट्रिमने कधीही ठरवू नये.

हवा कोठून शिरते

सिलिंडर आणि कार्बोरेटर यांच्यामध्ये उष्णता अडवणारा काळा प्लास्टिकचा ठोकळा असतो, त्याला इन्सुलेटर म्हणतात. ठोकळ्याच्या दोन्ही बाजूंना कागदी पॅकिंग असते, आणि सारा डोलारा दोन लांब स्क्रूंवर व सिलिंडरकडच्या दोन आखूड स्क्रूंवर उभा असतो. कार्बोरेटरचे लांब स्क्रू सगळ्यांना दिसतात आणि सगळे ते आवळतात. इन्सुलेटर सिलिंडरला धरून ठेवणारे आखूड स्क्रू कार्बोरेटर काढल्याशिवाय दिसतच नाहीत, आणि माझ्या गाडीत तेच ढिले होते. एक तर बोटाने फिरत होता. तेथे एक खूणही होती, जी मी तीन महिने रोज पाहत होतो आणि साधी घाण समजून फडक्याने पुसत होतो. इन्सुलेटर आणि सिलिंडर यांच्या सांध्यावर, खालच्या अंगाला, रुपयाच्या नाण्याएवढा ओलसर काळा डाग होता आणि त्यावर आपल्याकडची काळी माती चिखलासारखी चिकटलेली होती. इंजिन केवळ हवा आत ओढत नाही. क्रँककेसमध्ये, म्हणजे पिस्टनखालच्या बंद पोकळीत, आळीपाळीने ओढ आणि दाब तयार होत असल्याने तेच मिश्रण फटीतून थोडे बाहेरही थुंकले जाते, पेट्रोल उडून जाते आणि टू-टी ऑइल मागे राहून धूळ धरते. बाकी इंजिन कोरडे असताना एकाच सांध्यावर असा तेलकट डाग दिसला, की पुराव्यासाठी फार दूर जावे लागत नाही.

डाग नसेल तर फवाऱ्याची परीक्षा करावी. इंजिन स्लोला चालू ठेवून कार्बोरेटर क्लीनरचा किंवा डब्ल्यूडी-४० चा छोटासा फवारा एकेका सांध्यावर, एकेका जागी थांबून मारावा. फवारा फटीतून आत गेला की आवाज लगेच बदलतो. हे द्रव पेटतात आणि सायलेन्सर तेथून चार बोटांवर खूप तापलेला असतो, त्यामुळे ही परीक्षा उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून आणि जवळ वाळूची बादली ठेवूनच करावी. मला स्वतःला साबणाच्या पाण्याचा फवारा अधिक पसंत आहे. त्याने आवाजात होणारा फरक कमी असतो, पण कान एकदा सरावले की तो पुरतो आणि भिवया शाबूत राहतात.

सांधा सापडल्यावर नुसते स्क्रू आवळून भागत नाही, कारण ढिल्या सांध्यात पॅकिंग घासून गेलेले असते. नवे पॅकिंग घालावे आणि इन्सुलेटरची पाठ काचेवर ठेवून ती सपाट आहे का ते पाहावे. काचेवर चारशे नंबरचा पॉलिश पेपर पसरून, इन्सुलेटर आठच्या आकड्यात हळुवार फिरवला की उंच भाग आधी घासला जाऊन फिका पडतो आणि वाकडेपणा उघडा पडतो. माझ्या ठोकळ्याचा मधला भाग बराच वेळ काळाच राहिला होता, म्हणजे स्क्रू असमान आवळल्याने तो धनुष्यासारखा वाकला होता. दहा मिनिटे घासल्यावर तो एकसारखा झाला. पॅकिंग बसवताना त्यातल्या बारीक भोकाकडे विशेष लक्ष द्यावे. क्रँककेसमधला दाबाचा ठोका त्या भोकातून कार्बोरेटरपर्यंत जातो आणि त्याच ठोक्यावर कार्बोरेटरमधला पेट्रोल उपसणारा पंप चालतो. पॅकिंग उलटे बसले तर भोक झाकले जाते आणि गाडी सुरूच होत नाही. मी ते एकदा उलटे बसवले आणि संध्याकाळभर दोरी ओढत बसलो, हे येथे कबूल केलेले बरे.

स्क्रू बसवताना आटे पेट्रोलने धुऊन कोरडे करावेत, निळ्या रंगाच्या मध्यम ताकदीच्या थ्रेडलॉकरचा (आटे ढिले होऊ न देणाऱ्या डिंकाचा) एक थेंब लावावा आणि दोन्ही बाजू आळीपाळीने थोड्या-थोड्या आवळत न्याव्यात. सिलिंडर ॲल्युमिनियमचा आहे, त्यातले आटे एकदा गेले की हेलिकॉइल (नव्या आट्यांची तारेची गुंडाळी) बसवण्यासाठी सातपूर किंवा अंबडच्या एखाद्या वर्कशॉपची पायरी चढावी लागते. लाल थ्रेडलॉकर येथे वापरू नये, कारण पुढच्या वेळी स्क्रू निघण्याऐवजी त्याचे डोके निघते.

इन्सुलेटर ठीक करूनही आवाज रेंगाळत असेल तर क्रँकशाफ्टभोवतीच्या रबरी ऑइल सीलवर संशय घ्यावा; एक सील मॅग्नेटच्या चक्राकडे (फ्लायव्हीलकडे) असते आणि दुसरे क्लचकडे. येथे दाबाची परीक्षा करावी लागते, आणि तिच्यासाठी महागडी उपकरणे लागतात असा समज आहे. माझे काम घरातल्या जुन्या, काट्याच्या रक्तदाब यंत्राने झाले. सायलेन्सर आणि कार्बोरेटर काढून त्या दोन्ही तोंडांवर सायकलच्या ट्यूबचे जाड तुकडे आणि पत्र्याचे तुकडे ठेवून ती स्क्रूने बंद केली, प्लग जागेवर ठेवला, आणि इन्सुलेटरमधल्या त्या ठोक्याच्या भोकात नळी बसवून यंत्राच्या फुग्याने हवा भरली. काटा ३०० मिलिमीटरपर्यंत नेला की तो दाब साधारण ०.४ बार होतो आणि या कामाला तेवढा पुरतो. काटा अर्धा मिनिट जवळजवळ तेथेच राहिला पाहिजे. उतरू लागला तर प्रत्येक सांध्यावर साबणाचा फेस लावावा, म्हणजे गळतीच्या जागी बुडबुडे येतात. येथे एक बारकावा आहे. सीलचा ओठ आतल्या बाजूला वळलेला असल्याने आतून दाब दिल्यावर तो शाफ्टला अधिकच चिकटतो, आणि म्हणून झिजलेले सील दाबाला टिकूनही ओढीच्या वेळी हवा आत सोडू शकते. त्याच भोकाला मोठी सिरिंज लावून हवा ओढून पाहावी. सोडलेला दट्ट्या परत आत खेचला गेला पाहिजे, मधेच सैल पडता कामा नये. सील बदलायचे झाल्यास त्यावर कोरलेले आकडे लिहून घेऊन ऑइल सीलच्या दुकानात जावे आणि उष्णता व पेट्रोल दोन्ही सोसणारे रबर मागावे.

पेट्रोल आणि डायफ्राम

हवेची गळती नाही हे पक्के झाल्यावरच कार्बोरेटरकडे वळावे, आणि त्याच्याही आधी टाकीकडे. टाकीच्या तळाशी लोंबणाऱ्या नळीच्या टोकाला फेल्टचे किंवा जाळीचे छोटे गाळणे असते, ते मातीने तुंबते. नळी टाकीत शिरते तेथे तिला चीर गेलेली असली तर पेट्रोलबरोबर बुडबुडे जातात. आणि टाकीची हवेची वाट बंद असेल तर गाडी दहा मिनिटे चालून मरते व झाकण उघडल्यावर ‘सुस्स’ असा आवाज येतो. या तिन्ही गोष्टी नुसत्या डोळ्यांनी दिसतात.

पेट्रोलविषयी मात्र अधिक लिहावे लागेल. आपल्याकडे २०२३ पासून २० टक्के इथेनॉल असलेले ई-२० पेट्रोल टप्प्याटप्प्याने पंपांवर आले आणि आता सगळीकडे तेच मिळते. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, ई-२० ला साधारण १३.५. म्हणजे जुन्या पुस्तिकेतल्या सुईच्या मापावर ई-२० घातले की इंजिन तेवढ्या प्रमाणात लीन होते आणि दोन्ही सुया थोड्या सोडाव्या लागतात. याच्या उलट दिशेचा एक हिशेब नाशिककरांनी ध्यानात ठेवावा. आपले शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे आणि येथली हवा मुंबईपेक्षा पाच-सहा टक्के विरळ आहे, त्यामुळे मुंबईच्या मित्राने सांगितलेले माप जसेच्या तसे लावले तर गाडी थोडी रिच चालते. शिवाय निफाडकडे द्राक्षबागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात त्या दिवसांतली हवा आणि मे महिन्यातल्या दुपारची हवा यांच्या घनतेत दहा टक्क्यांच्या आसपास फरक पडतो. डिसेंबरच्या सकाळी लावलेले माप मेमध्ये टिकत नाही आणि मेमधले डिसेंबरमध्ये इंजिनाला धोक्याचे ठरते. त्यामुळे वर्षातून दोनदा सुईला एक-अष्टमांश फेऱ्याचा हात लावावा लागला तर तो दोष मानू नये. दर पंधरवड्याला लावावा लागला तर मात्र मानावा.

इथेनॉलचा दुसरा उपद्रव पाण्याचा आहे. ते हवेतला ओलावा ओढून घेते, आणि पाणी एका मर्यादेपलीकडे गेले की पाणी-इथेनॉलचा थर पेट्रोलपासून वेगळा होऊन तळाशी बसतो. टू-टी ऑइल वरच्या पेट्रोलमध्ये राहते आणि टाकीच्या तळाशी असलेली नळी नेमका तेल नसलेला खालचा थर ओढते. पावसाळाभर कॅनमध्ये राहिलेले मिश्रण दसऱ्याला गाडीत ओतणे म्हणजे पिस्टनला बिनतेलाचे धावायला लावणे होय. मी एका वेळी एक लिटरच मिश्रण करतो, २५ : १ प्रमाणासाठी लिटरला ४० मिलिलिटर तेल घालतो, जेएएसओ एफडी (टू-स्ट्रोक तेलाचा जपानी मानक दर्जा) दर्जाचे तेल वापरतो आणि महिन्याभरात न संपलेले मिश्रण पुढे वापरत नाही. पेट्रोलमध्ये इथेनॉल किती आहे हे पाहायचे असल्यास अंशांच्या खुणा असलेल्या काचेच्या नळीत तेल न घातलेले १०० मिलिलिटर पेट्रोल आणि १० मिलिलिटर पाणी घेऊन हलवावे व ठेवून द्यावे. इथेनॉल पाण्यात उतरते आणि खालचा थर १० वरून ३० च्या आसपास गेला तर ते ई-२० आहे. ही केवळ परीक्षा आहे. असे धुतलेले पेट्रोल गाडीत घालू नये, कारण इथेनॉलबरोबर त्याचा ऑक्टेनही उतरतो.

आता कार्बोरेटर. त्याच्या एका बाजूच्या झाकणाखाली पंपाचा पातळ पडदा आणि नखाएवढी बारीक जाळी असते, तर दुसऱ्या बाजूच्या, मधे भोक असलेल्या झाकणाखाली मीटरिंगचा काळा डायफ्राम असतो. हा डायफ्राम आत ओढला गेला की एक छोटी तरफ दाबली जाते, आतली सुई (ही बाहेरून फिरवायच्या दोन सुयांहून वेगळी) उचलली जाते आणि पेट्रोल आत येते. डायफ्राम नवा असताना सायकलच्या पंक्चरच्या रबरासारखा लुळा असतो. इथेनॉल आणि वयाने तो कडक होतो, बोटाने दाबल्यावर पापडासारखा खुळखुळतो आणि स्लोच्या क्षीण ओढीला दाद देत नाही. तेव्हा गाडी स्लोला लीन होते आणि लक्षण हवेच्या गळतीसारखेच दिसते, एवढेच की फवाऱ्याच्या परीक्षेत काहीच सापडत नाही. उलट, आतली सुई झिजली किंवा तिच्या बैठकीवर कचरा बसला तर पेट्रोल थांबत नाही, गाडी रिच होते आणि लहान सुई जवळजवळ बंद केली तरी धूर कमी होत नाही. या लक्षणावर सुईशी झगडत बसणे व्यर्थ आहे. डायफ्राम, पॅकिंग, सुई आणि स्प्रिंगचा दुरुस्ती संच मिळतो. त्यासाठी कार्बोरेटरच्या अंगावर कोरलेला ‘डब्ल्यूटी’ने सुरू होणारा क्रमांक दाखवावा, नुसते गाडीचे नाव सांगून चुकीचा संच हाती पडतो. संचातली नवी तरफ ठरलेल्या उंचीला आहे का ते पट्टीने ताडून पाहावे. ती एवढीशी वर असली तरी गाडी रिच होते. धुताना आत तार घालू नये, क्लीनर आणि हवा एवढ्यावरच भागवावे.

गाडी वाकडी केल्यावर आवाज बदलतो का, हीदेखील एक उपयुक्त खूण आहे. स्लोला चालू गाडी नाकावर उभी केल्याबरोबर ती गुदमरली तर क्रँककेसमध्ये पेट्रोल साचत आहे, म्हणजे स्लो रिच आहे, असे समजावे.

ठिणगी, क्लच आणि बाकीचे

ठिणगीचे दोष या इंजिनात कमी येतात, पण येतात तेव्हा फसवतात. प्लगची फट ०.६ ते ०.७ मिलिमीटर असावी, आणि मॅग्नेटचे चक्र व कॉइल यांमधले अंतर सुमारे ०.३ मिलिमीटर, म्हणजे एका चांगल्या व्हिजिटिंग कार्डाएवढे. कार्ड मधे सरकवायचे, मॅग्नेट कॉइलला ओढून घेऊ द्यायचा, स्क्रू आवळायचे आणि कार्ड काढून चक्र एकदा हाताने फिरवायचे. इंजिन बंद करण्याच्या बटणाची वायर चासीच्या कडेवर घासून उघडी पडली की थरथरीबरोबर ती अधूनमधून चिकटते आणि गाडी मिसिंग करते. ती वायर कॉइलपासून काढून पाहिली की खरे-खोटे होते, मात्र मग गाडी चोक देऊन बंद करावी लागते. थंड असताना ठीक आणि पंधरा मिनिटांनी मरणारी, थंड झाल्यावर पुन्हा जिवंत होणारी ठिणगी ही बहुधा आतून तुटलेल्या कॉइलची खूण असते.

क्लचचा दोष इंजिनावर ढकलला जातो, हेही पाहिले आहे. क्लचची स्प्रिंग ढिली किंवा तुटलेली असली तर क्लचचे बूट (शू) स्लोलाच त्यांच्याभोवतीच्या घंटेला (ड्रमला) घासतात, ब्रेक लावला की इंजिनावर भार येतो आणि ते बसते. ठोकळ्यावरची चाके स्लोला फिरत असतील आणि स्लो काही फार वर नसेल, तर आधी क्लच उघडावा. हवेचे फोम गाळणे तुंबले तर गाडी रिच होते. आपल्या काळ्या मातीत ते दर दोन टाक्यांनी धुवावे, कोरडे करावे आणि तेल लावूनच बसवावे.

शेवटी सुई

हे सारे झाल्यावर सुयांना हात लावावा. दोन्ही सुया अलगद, बोटांच्या जोरानेच, बैठकीला टेकेपर्यंत बंद कराव्यात आणि किती फेऱ्यांवर होत्या ते वहीत लिहावे. मग लहान सुई सव्वा आणि मोठी दीड फेरा सोडून सुरुवात करावी. इंजिन पाच मिनिटे तापवून, चाके अधांतरी ठेवून, लहान सुई हळूहळू बंद करत जावे. स्लो चढत जातो, एका जागी सर्वांत उंच होतो आणि मग डगमगू लागतो. त्या सर्वांत उंच जागेपासून सुई सुमारे एक-अष्टमांश फेरा परत सोडावी आणि आता स्लोच्या स्क्रूने आवाज चाके थांबतील इतका खाली आणावा. थ्रॉटल झटक्याने दाबल्यावर इंजिन क्षणभर अडखळले तर लहान सुई आणखी किंचित सोडावी. मोठी सुई मैदानातच लावावी, आणि ती नेहमी थोडी रिच ठेवावी; पूर्ण थ्रॉटलवर आवाज तीक्ष्ण, स्वच्छ आणि ऐकायला गोड लागू लागला की थांबून सुई सोडावी, कारण तो गोडवा इंजिन तापत असल्याचा असतो. लहान सुई हलवली की मोठी पुन्हा तपासावी, कारण लहान सुईचे पेट्रोल सर्वच वेगांना जाते. बंद गॅरेजमध्ये हे काम करू नये, धुरातला कार्बन मोनॉक्साइड कळू न देता भोवळ आणतो.

वहीतल्या नोंदींचा उपयोग नंतर होतो. माझ्या वहीत इन्सुलेटर दुरुस्त करण्यापूर्वी लहान सुई दोन फेऱ्यांच्याही पुढे गेलेली आहे आणि दुरुस्तीनंतर ती सव्वावर येऊन थांबली आहे. लहान सुई दोन फेऱ्यांच्या पलीकडे सोडल्याशिवाय गाडी स्लोला टिकत नसेल तर हवा शिरते आहे, आणि पाऊण फेऱ्याच्या आत आणावी लागत असेल तर कार्बोरेटरच्या आतली सुई गळते आहे, एवढा अंदाज इंजिन न उघडता बांधता येतो.

एवढे करूनही गाडी गरम झाल्यावरच स्लोला बसत असेल आणि थंड असताना नाही, तर दोरी हातात धरून गाडी जमिनीपासून उचलावी. इंजिन गरम असताना, बंद स्थितीत, गाडीच्या वजनाने दोरी सरसर सुटत खाली आली तर कॉम्प्रेशन गेले आहे. ठोक्याठोक्याने अडत उतरली तर रिंग अजून धडधाकट आहे. सायलेन्सर काढून एक्झॉस्टच्या तोंडातून पिस्टनच्या बाजूवर टॉर्च मारावा, उभे ओरखडे दिसले तर पिस्टन आणि सिलिंडरची जोडीच बदलावी लागते. नुसती रिंग झिजलेली असेल तर त्या एकाच रिंगेवर भागते, आणि ती बसवल्यावर पहिल्या दोन-तीन टाक्या मोठी सुई नेहमीपेक्षा थोडी अधिक सोडून चालवाव्यात.